रिकिबीत पाय ठेवण्याआधी

चीनमधल्या चांगशा इथल्या इ.स. 302 मधल्या एका थडग्यात मातीचे छोटे घोडेस्वार सापडले. त्यातल्या काही घोड्यांच्या खोगिराला डाव्या बाजूने एक लहानशी त्रिकोणी रिकीब लटकलेली आहे. उजवीकडे काहीच नाही. स्वाराचा पायही त्या रिकिबीत नाही, तो मोकळाच खाली सोडलेला आहे. अभ्यासकांनी यातून काढलेला निष्कर्ष साधा आहे. ही रिकीब घोडा पळवताना पाय टेकण्यासाठी नव्हती, ती फक्त वर चढण्यासाठी होती. दोन्ही बाजूंच्या रिकिबी त्यानंतर वीसेक वर्षांनी, नानजिंगजवळच्या 322 च्या सुमाराच्या थडग्यातल्या घोड्यावर दिसतात. पुढे जिने आशिया-युरोपातल्या घोडदळांचं रूप पालटलं ती वस्तू आधी पायरी म्हणून आली असावी.

घोड्यावर चढणं माणसाला किती जड गेलं असेल, याची ही जुनी खूण आहे. घोडा पळवण्याच्या, उडवण्याच्या, लढाईत वळवण्याच्या कलेवर जगभर पोथ्या लिहिल्या गेल्या. पण त्या सगळ्याच्या आधीचे जे दहा-पंधरा सेकंद असतात, त्यांत माणसाचा एक पाय रिकिबीत असतो, दुसरा हवेत असतो, हातात धड लगाम नसतो आणि वजन ना जमिनीवर ना खोगिरात. या अवस्थेत घोड्याने एक पाऊल पुढे टाकलं तरी स्वाराचा तोल जातो. तो दचकून पळाला, तर अडकलेल्या पायासकट माणूस फरपटत जातो. घोडेस्वारीतला सर्वात असहाय क्षण कोणता, असं विचारलं तर जाणकार स्वार उडी किंवा शर्यत सांगणार नाहीत, हाच क्षण सांगतील.

तरीही शिकवणीत या क्षणाला सर्वात कमी वेळ मिळतो. मोतद्दार लगाम घट्ट धरून उभा राहतो, प्रशिक्षक 'चला, बसा' म्हणतो आणि धडा सुरू होतो तो घोडा चालू लागल्यावर. घोडा उभा राहिला तो धरून ठेवल्यामुळे. त्याला उभं राहायला कुणी शिकवलेलं नसतं. पुढील पानांचा विषय नेमका हा आहे. स्वार चढेपर्यंत आणि चढून नीट बसल्यावरही, कुणी न धरता, सैल लगामावर घोड्याने शांत उभं राहणं हा एक स्वतंत्र धडा आहे. तो वेगळा वेळ काढून शिकवावा लागतो, आणि तो नीट शिकवला गेला असेल तर त्या घोड्याशी माणसाचं बाकीचं वागणंही बहुतेक नीटच असतं.

हा धडा लिहून ठेवणारा एक फार जुना लेखक इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला आहे. अथेन्सचा झेनोफन सॉक्रेटिसचा शिष्य होता, सैनिक होता आणि घोड्यांचा मोठा जाणकार होता. अश्वविद्येवरच्या त्याच्या छोट्या ग्रंथात चढण्याची रीत तपशिलाने दिलेली आहे. रिकीब त्या काळी ग्रीसमध्ये नव्हती. स्वार आयाळ धरून किंवा भाल्याच्या आधाराने उडी घेऊन बसे. झेनोफन बजावतो की दोर हातात सैल असावा, चढताना घोड्याच्या तोंडाला हिसका बसता कामा नये. पुढचं त्याचं सांगणं आजच्या कुठल्याही रायडिंग स्कूलच्या भिंतीवर लावण्याजोगं आहे: स्वार बसल्यावर घोड्याने आधी स्वस्थ उभं राहायला शिकलं पाहिजे, तेवढ्यात स्वाराने आपली वस्त्रं सावरावीत, लगाम सारखा करावा, भाला हातात नीट धरावा, आणि मगच निघावं. जवळजवळ 2400 वर्षांपूर्वी लिहिलेल्या या सूचनेत बदल करण्याजोगं फारसं काही नाही.

रोमनांनी दुसरी वाट धरली. व्हेजेशियसच्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथात लाकडी घोड्यांचं वर्णन आहे. हिवाळ्यात छपराखाली आणि उन्हाळ्यात मैदानात असे घोडे उभे करून नव्या सैनिकांना त्यांवर चढ-उतार करायला लावत. आधी नि:शस्त्र, मग शस्त्रांसह, डावीकडून आणि उजवीकडूनही. माणूस तयार झाला पाहिजे हा विचार योग्यच होता. पण लाकडी घोडा हलत नाही, त्याची पाठ दुखत नाही आणि त्याला मत नसतं. पुढच्या अनेक घोडदळांच्या कवायतीत हाच कल राहिला. स्वाराची हालचाल बारकाईने बांधून दिली गेली आणि घोड्याने उभं राहायचं हे गृहीत धरलं गेलं. त्या हालचालीची एक सवय आजही जगभर टिकून आहे, ती म्हणजे डावीकडून चढण्याची. उजव्या हाताने लढणाऱ्याची तलवार डाव्या कमरेला लटकते, त्यामुळे डावा पाय रिकिबीत घालून उजवा पलीकडे टाकणं सोयीचं पडतं, असं तिचं कारण दिलं जातं. तलवारी गेल्या, बाजू राहिली.

घोड्याच्या शरीरावर या एकाच बाजूचा काय परिणाम होतो, हे पाहिलं की उभं राहणं त्याला सोपं का जात नाही ते कळतं. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे दोन पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. ते स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी धडाला बांधलेले असतात आणि छातीचा सारा भार त्यांच्यामध्ये झोळीसारखा तोलला जातो. उभ्या घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक वाटा या पुढच्या पायांवर असतो. आता सत्तर किलोचा माणूस डाव्या रिकिबीत उभा राहिला की ती सगळी झोळी डावीकडे खेचली जाते. खोगीर त्याच बाजूला सरकू पाहतं आणि त्याचा लाकडी किंवा धातूचा सांगाडा पाठीवर पीळ देतो. मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधे, मणक्यांची लांब टोकं वर येऊन जो उंचवटा होतो, त्याच्या उजव्या अंगावर सर्वात जास्त दाब येतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात हिलरी क्लेटन यांच्या गटाने खोगिराखाली दाब मोजणारी चटई घालून हे तपासलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. डावीकडून चढताना उंचवट्याच्या उजव्या बाजूवर दाब एकवटतो, आणि जमिनीवरून चढण्यापेक्षा उंच ठोकळ्यावरून चढल्यास घोड्याच्या पाठीवरचं एकूण बल कमी होतं.

म्हणून चारही पाय जवळ घेऊन उभा असलेला घोडा स्वार चढताना हलतो, तेव्हा तो बहुधा अवज्ञा करत नसतो. तो पडू नये म्हणून पाय फाकवत असतो. त्याला शिक्षा केली तर तोल सावरल्याबद्दल मार मिळतो, एवढंच त्याला समजेल. चढण्याआधी त्याचे पाय चौरस, थोडे अंतर ठेवून उभे करून घेतले, खांद्याला हलकेच डावी-उजवीकडे ढकलून त्याला वजन वाटून घ्यायला लावलं, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

उरलेल्या प्रश्नाचा बराच भाग डोळ्यांत आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची पट्टी त्याच्या नजरेत येत नाही. हा भक्ष्य असलेल्या प्राण्याचा डोळा आहे. मोकळ्या माळावर शिकारी प्राणी पाठीवर झेप घेतो, हे ज्या पूर्वजांनी ओळखलं ते वाचले. जमिनीवर उभा असलेला ओळखीचा माणूस अचानक वर उचलला जातो, क्षणभर एका डोळ्यातून नाहीसा होतो आणि त्याचा पाय दुसऱ्या डोळ्यात वरून उगवतो. हे दृश्य घोड्याला भिववू शकतं, हे मान्य करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पाठीवर माशी बसली तरी कातडी थरथरवणारा हा प्राणी आहे. माणसाचं आदळणं त्याला किती जोरात जाणवत असेल!

मुंबई-पुण्यात या विषयाला एक खास निकड आहे. हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती होतात. त्या संपवून बाहेर पडलेले थरोब्रेड घोडे पुढे रायडिंग स्कूलमध्ये, क्लबांत, कधी खाजगी मालकांकडे येतात. नवशिक्या स्वाराला असा घोडा मिळतो आणि पहिल्याच दिवशी तक्रार होते की हा उभाच राहत नाही. पण त्याचं आधीचं आयुष्य पाहावं. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये सईस त्याला गोल फिरवत असतो. बसण्याचा इशारा झाला की ट्रेनर किंवा मदतनीस जॉकीची डावी नडगी तळहातावर घेतो आणि एका झटक्यात त्याला वर उचलून देतो. घोडा यादरम्यान बऱ्याचदा चालतच असतो. जॉकीचं वजन कमी, खोगीर हातात धरलं तर नगण्य, रिकिबी आखूड. जॉकी बसला की थोड्याच वेळात धाव. अशा रीतीने काही वर्षं गेलेल्या घोड्याला पाठीवर माणूस आल्याचा अर्थ 'निघ' असाच पक्का माहीत असतो. त्याला उभं राहायला कुणी शिकवलेलंच नाही, कारण त्याच्या कामात त्याची गरज नव्हती. त्याचा जबडा लगामाने ओढून धरला तर तो आणखी अस्वस्थ होतो, कारण शर्यतीच्या घोड्याला तोंडावरचा ताण ओळखीचा आहे तो पळतानाचा. या घोड्यांना बिघडलेले म्हणणं अन्याय आहे. त्यांनी आपला धडा चोख गिरवलेला आहे. त्यांना आता दुसरा धडा हवा आहे आणि तो देण्याची जबाबदारी नव्या मालकाची आहे.

शिकवायला सुरुवात करण्याआधी मात्र एक तपासणी चुकवून चालत नाही. घोड्याला दुखतं आहे का? खोगीर अरुंद असेल तर ते उंचवट्याला चिमटतं, रुंद असेल तर मणक्यावर टेकतं. तंग एकदम आवळला तर कित्येक घोडे कान मागे पाडतात, पोट फुगवतात, चावायला येतात. पाठीच्या मणक्यांची टोकं एकमेकांना घासत असतील किंवा जठरात व्रण असतील तर खोगीर पाहूनच घोडा सरकू लागतो. शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण मोठ्या प्रमाणावर आढळतात. धान्याचा मोठा वाटा, चाऱ्यावाचून जाणारे तास आणि कामाचा ताण ही त्याची ओळखीची कारणं आहेत. जो घोडा काल उभा राहत होता आणि आज राहत नाही, त्याच्याकडे आधी पशुवैद्याने पाहावं. दुखणाऱ्या घोड्याला स्थिर उभं करण्याचं कौशल्य कुणाकडे असलं, तर ते वापरू नये.

प्लुटार्कने सांगितलेली ब्युसेफलसची गोष्ट इथे उपयोगी पडते. फिलिप राजापुढे आणलेला तो घोडा कुणालाही अंगावर बसू देईना. अलेक्झांडर तेव्हा पोरसवदा होता. घोडा स्वतःच्या हलत्या सावलीला बुजतो आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घोड्याचं तोंड सूर्याकडे केलं, थोडा वेळ त्याच्याबरोबर चालला, त्याला थोपटलं, अंगावरचा झगा आवाज न करता खाली सोडला आणि मग वर बसला. गोष्टीत राजपुत्राचं शौर्य रंगवलेलं असतं, पण त्यातला कामाचा भाग शौर्याच्या आधीचा आहे. त्याने कारण शोधलं आणि ते दूर केलं. बसला तो त्यानंतर.

कारण दूर झाल्यावर प्रत्यक्ष धडा सुरू होतो, आणि तो खोगिराजवळ सुरू होत नाही. म्होरकी आणि दोर घालून घोड्याला चालवायचं, थांबवायचं आणि थांबला की त्या क्षणी दोर सैल सोडायचा. घोडा शिकतो तो याच क्षणी. दाब कशामुळे आला यापेक्षा तो कशामुळे गेला, हे त्याच्या लक्षात राहतं. थांबल्यावर दोन सेकंद उशिरा दोर सोडला, तोवर घोड्याने मान झटकली असेल, तर मान झटकली की सुटका होते हे तो शिकतो. याच नियमाने घोडे वाईट सवयीही शिकतात. स्वार रिकिबीत पाय घालतो, घोडा सरकतो, स्वार घाबरून पाय काढतो. असं चार वेळा झालं की सरकणं हा घोड्याच्या दृष्टीने खात्रीचा उपाय ठरतो. म्हणून त्याने न हलता सहन केलेल्या क्षणी पाय काढावा. हललेल्या क्षणी काढू नये. या एका बारकाव्यावर सगळी शिकवण उभी आहे.

मग ओटा येतो. लाकडाचा ठोकळा, दगडी पायरी, काहीही चालेल, पण ते डुगडुगता कामा नये. या पायरीबद्दलची सर्वात सुंदर सूचना एका अमेरिकन माणसाने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवली आहे. ओहायोचा जॉन रेरी 1858 च्या सुमारास इंग्लंडला गेला. तिथे त्याने क्रूझर नावाचा कुप्रसिद्ध हिंस्र घोडा वठणीवर आणला आणि व्हिक्टोरिया राणीपुढे प्रयोग केले. घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने वर बांधून त्याला खाली बसवण्याची त्याची पद्धत आज अनेकांना कठोर वाटते आणि ते रास्त आहे. पण नव्या शिंगराला पहिल्यांदा माणसाची सवय करतानाचं त्याचं सांगणं फार समजूतदार आहे. फूट-दीड फूट उंचीचा ठोकळा शिंगराच्या शेजारी ठेवावा, त्यावर एकदम न चढता सावकाश उंच व्हावं, कारण घोडा माणसाच्या उंचीतला प्रत्येक बदल टिपतो. पाठीवर बसल्यावर माणूस ज्या उंचीवर दिसणार, जवळपास त्याच उंचीवर तो आधीच दिसला की भीतीचा मोठा भाग ओसरतो. त्यानंतर रिकिबीत पाय, मग थोडं वजन, मग पूर्ण वजन, परत खाली, आणि प्रत्येक वेळी किंचित अधिक वर. असं पुन:पुन्हा करत शेवटी पलीकडे पाय टाकायचा.

आज वर्तनशास्त्राचे अभ्यासक हेच सांगतात, फक्त त्याला क्रमाक्रमाने सराव देणं असं नाव देतात. आजच्या प्रशिक्षकांनी त्यात भर घातली ती तपशिलांची. ओट्यावर उभं राहून खोगिरावर हाताने थोपटायचं, रिकिबीचा पट्टा हलवून आवाज करायचा, ओट्यावर हलके उडायचं, पाठीवर आडवं ओणवं व्हायचं, आणि हे सगळं डावीकडून झालं की उजवीकडूनही करायचं. घोड्याच्या एका डोळ्याने ओळखलेली गोष्ट दुसऱ्या डोळ्यासमोर आली की तो बऱ्याचदा नव्यासारखाच बुजतो, हा मोतद्दारांच्या रोजच्या अनुभवातला भाग आहे. दोन्ही बाजूंनी चढण्याचा सराव घोड्याच्या पाठीलाही चांगला, आणि डोंगरवाटेवर एका बाजूला दरी असताना स्वारालाही सोयीचा.

घोडा मधेच हलला तर काय करायचं, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतल्या पश्चिमी शैलीचे अनेक प्रशिक्षक हललेल्या घोड्याला ओट्याभोवती थोडं पळवतात आणि ओट्याजवळ आला की विसावा देतात, म्हणजे ओटा ही विश्रांतीची जागा ठरते. धीट, आळशी घोड्यावर हे छान चालतं. पण आधीच ताणलेल्या, शर्यतीतून आलेल्या घोड्याला पळवणं म्हणजे त्याच्या मनातला जुना अर्थ पुन्हा पक्का करणं. त्याला न रागावता, न ओरडता, पुन्हा त्याच जागी आणून उभं करावं आणि दोन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करावी. वेळ लागतो. लागू द्यावा.

खाऊचा प्रश्नही इथेच येतो. उभ्या राहिलेल्या घोड्याला गाजराचा तुकडा किंवा मूठभर हरभरा द्यावा की नाही? द्यावा, पण घोड्याने तोंड माणसाच्या खिशाकडे वळवलेलं असताना नाही. मान सरळ असताना द्यावा, नाहीतर चावण्याची सवय लागते. स्वार बसल्यावर खोगिरातून वाकून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घास दिला, तर घोडा स्वार बसताच निघायच्या ऐवजी घासाची वाट पाहत थांबतो. शर्यतीच्या घोड्याच्या डोक्यातला 'निघ' पुसायला याइतका गोड उपाय दुसरा नाही.

स्वाराच्या बाजूने होणाऱ्या चुका थोड्या आहेत, पण सगळीकडे त्याच आढळतात. डाव्या बुटाचं टोक घोड्याच्या बरगडीत रुततं आणि 'चल' असा इशारा होतो, त्याच वेळी हात लगाम ओढतो आणि 'थांब' म्हणतो. घोड्याने कोणतं ऐकावं? उजव्या हाताने खोगिराचं मागचं टोक धरून अंग वर खेचलं की खोगीर पिळवटतं. तो हात पुढच्या टोकावर हवा, आणि डाव्या हातात आयाळीची बट. पलीकडे पाय टाकताना टाच घोड्याच्या पुठ्ठ्यावर आपटते. शेवटी माणूस खोगिरात धप्पकन आदळतो. सावकाश, अलगद बसणं हे स्वाराच्या तयारीचं काम आहे, ते घोड्यावर ढकलता येत नाही. आणि बसल्यावर लगेच निघायचं नाही. रिकिबी जुळवाव्यात, तंग पाहावा, श्वास घ्यावा, घोड्याचे कान सैल पडू द्यावेत. मग स्पष्ट इशारा देऊन निघावं.

श्वासाचा उल्लेख सहज केलेला नाही. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांनी घोडे ठरावीक अंतर पुन:पुन्हा नेले, काहींनी हाताने धरून, काहींनी बसून. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आलं की घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांच्याही. घोड्यांना छत्रीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पडण्याच्या भीतीने श्वास रोखून चढणारा स्वार घोड्याला काय कळवत असेल, हे यावरून समजावं. अशा स्वाराने आधी अगदी शांत, वयस्क घोड्यावर चढ-उतार करावी. भित्र्या घोड्याला भित्र्या माणसाच्या हाती देऊ नये.

या धड्याचं मोल खऱ्या अर्थाने कळतं ते ज्यांना चढणंच अवघड आहे त्यांच्यामुळे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये, गर्भवती असताना, पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पायांतली शक्ती गेली. त्यांनी पुन्हा घोड्यावर बसण्याचा हट्ट धरला. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना दुसऱ्यांची मदत लागे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ड्रेसाज स्पर्धेत पहिल्यांदाच भाग घेता आला. जुबिली नावाच्या घोडीवर हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं, आणि 1956 मध्ये पुन्हा मिळवलं. सुवर्णपदक जिंकलेल्या हेन्री सेंट सिर यांनी त्यांना हेलसिंकीत पदकमंचावर चढायला हात दिला, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यामागची रोजची गोष्ट कमी प्रसिद्ध आहे. मदतनीस आपल्याला उचलत असताना घोडी जागेवर उभी राहणार, या विश्वासावाचून त्यांचं एकही पाऊल पुढे पडलं नसतं. आज अपंगांसाठी चालणाऱ्या घोडेस्वारीच्या केंद्रांत चाकाच्या खुर्चीसह वर नेणारा उतार बांधलेला असतो. तिथे घोडा निवडताना त्याची चाल पाहतात आणि त्या उताराशेजारी तो किती निश्चल उभा राहतो हेही पाहतात.

महाराष्ट्रात घोडा बहुसंख्य लोकांना भेटतो तो क्लबात नव्हे. तो भेटतो माथेरानला, जिथे मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडा हे नेहमीचं वाहन आहे, पाचगणीच्या पठारावर, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी. तिथे दिवसभर वेगवेगळ्या वजनाची, आयुष्यात पहिल्यांदाच घोड्याला हात लावणारी माणसं चढत-उतरत असतात. घोडेवाल्यांचे जुने, समजूतदार घोडे हे निमूट सोसतात. एका हंगामात डाव्या रिकिबीवर किती वेळा संपूर्ण माणसाचा भार पडत असेल, आणि तो भार उंचवट्याच्या त्याच एका उजव्या अंगावर कसा येत असेल, हे मिशिगनच्या अभ्यासाच्या प्रकाशात पाहिलं म्हणजे या घोड्यांच्या पाठींची काळजी वाटल्याशिवाय राहत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात. गिऱ्हाईक कान पाहतं, दात पाहतं, अंगावरचे भोवरे मोजतं, घोड्याला नाचवून पाहतं. तिथे घोडा घेणाऱ्याने आणखी एक मागणी करावी: दोर सैल सोडा, मला चढू द्या, आणि मी सांगेपर्यंत हा उभा राहतो का ते पाहू द्या. पारखण्याची याहून चांगली रीत क्वचितच सापडेल.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या गायस ग्रॅकसने रस्ते बांधले, त्याबद्दल प्लुटार्क एक बारीक गोष्ट नोंदवतो. मैलांच्या दगडांशिवाय त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर वेगळे दगड बसवले. मदतनिसावाचून प्रवास करणाऱ्यांना त्यांवर पाय ठेवून घोड्यावर चढता यावं, एवढाच त्यांचा उपयोग. चढण्याच्या ओट्याला सार्वजनिक सोय मानणारा तो विचार इथल्या गिरिस्थानांना आज लागू करता येईल. दोन-तीन पायऱ्यांचा, रुंद, न घसरणारा दगडी ओटा बांधायला फार खर्च येत नाही. माथेरान आणि महाबळेश्वरच्या नगरपालिकांनी घोडेतळांवर असे ओटे बांधावेत, रायडिंग स्कूलनी आवाराच्या दोन्ही टोकांना ते ठेवावेत, आणि घोडेवाल्यांनी पर्यटकाला जमिनीवरून चढू देऊ नये. वाचकाला सुट्टीत घोड्यावर बसायचं असेल, तर भाडं ठरवण्याआधी त्याने ओटा कुठे आहे ते विचारावं, आणि नसेल तर तो का नाही हेही विचारावं.